पक्का नंबर

हिंगणघाटच्या ज्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या ऑफिसात मी नोकरी केली, तिथे एक नंबर शेठजींचा होता आणि दोन नंबर कोणालाच नको होता. मी कॉम्प्युटरच्या नंबरांबद्दल बोलते आहे. आठ-दहा कॉम्प्युटर वायरीने जोडले की प्रत्येकाला एक नंबर द्यावा लागतो, नाहीतर कोणी कोणाला काय पाठवलं ते यंत्रांना कळत नाही. पुस्तकात त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात, आमच्याकडे नुसतं नंबर म्हणत. सुरुवातीचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा तेवढा ज्याचा त्याचा. ते शेवटचे आकडे मी वाटले होते, प्रत्येक कॉम्प्युटरपुढे बसून, माझ्या हाताने.

तसं पाहिलं तर मी बी.कॉम. आणि टायपिंगची परीक्षा पास झालेली बाई. नव्वदच्या दशकात शेठजींची पत्रं टाईप करायला लागले. पुढे टाईपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, आणि गावातल्या क्लासमध्ये सहा महिने जाऊन मी तो शिकून घेतला. दोन हजार चारच्या सुमाराला वायरी टाकल्या तेव्हा नंबर कसे द्यायचे ते वायरवाल्याने मला एकदाच दाखवलं. मी एका दोनशे पानी वहीत सगळं लिहून घेतलं. ती वही माझ्या ड्रॉवरमध्ये असे आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या पर्समध्ये.

नंबर मी मानाप्रमाणे दिले. दुसरं काही सुचलंच नाही. एक नंबर शेठजींचा, यात विचार करण्यासारखं काय होतं? दोन मी मुनीमजींना दिला. दुसऱ्या दिवशी ते धोतराचा सोगा सावरत माझ्या टेबलापाशी आले.

"मॅडम, मी दोन नंबरचा माणूस हाय काय?"

"मुनीमजी, तो नुसता आकडा हाय."

"असंन. पण बाजारात दोन नंबर कशाले म्हणते ते तुम्हाले माहीत नाई काय? तीस वर्षं झाले, एक काम मी दोन नंबरचं केलं नाई. मले नोको."

मी त्यांना पाच दिला. तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. त्यांनी हळूच विचारलं की यात चारशेवीस नंबर असतो का. मी सांगितलं, गाडी दोनशे चोपन्नपर्यंतच जाते, तेव्हा कुठे ते जागेवर जाऊन बसले. मग मालाचा सौदा करणाऱ्या बाबूला मी दोन नंबर हवा का विचारलं, त्याने हात जोडले. रुई तपासणाऱ्या लॅबवाल्याने तोंड फिरवलं. शेवटी वहीत दोनच्या पुढची ओळ कोरी राहिली. मी स्वतःला अकरा घेतला. तो मला आवडायचा म्हणून घेतला, दुसरं कारण नव्हतं.

त्या वहीने मला काय दिलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोणाचा कॉम्प्युटर बिघडून परत आला, कोणाचा नंबर पुसला गेला, की माणूस माझ्याकडे येई. "मॅडम, माझा नंबर सांगा न." मी ड्रॉवर उघडायची, पान काढायची, सावकाश. शेठजीसुद्धा स्वतः उठून येत. घरी मला कोणी असं शोधत येत नव्हतं. ऑफिसात येत. 'मॅडम' हा शब्द मी त्या वहीवर कमावला होता, आणि तो गेला तर माझ्याजवळ टायपिंग तेवढं उरणार, हे मला पक्कं माहीत होतं.

दोन वर्षांनी ब्रॉडबँड आलं. फोनवाल्यांनी एक पांढरा डबा आणून भिंतीला लावला, आणि त्या दिवसापासून शेठजींचा कॉम्प्युटर रुसला. मध्येच बंद, मध्येच चालू, आणि पडद्यावर एकच निरोप, तुमचा नंबर दुसरा कोणी वापरतो आहे. मी सगळे कॉम्प्युटर तपासले. एक नंबर कोणी चोरला नव्हता. पंधरा दिवस मी वही आणि वायरी यांच्यामध्ये नाचत होते. शेठजी रोज विचारत, "मॅडम, हुआ क्या?" आणि मी रोज म्हणायची, "पाहून राह्यली."

मग शेठजींनी मला न विचारता एक पोरगी आणली.

ती अल्लीपूरची. बाप शेतकरी, त्यांचा कापूस वर्षानुवर्षं आमच्याच जिनिंगला यायचा. पोरगी वर्ध्याला होस्टेलमध्ये राहून कॉम्प्युटरची इंजिनियर झाली होती. पोळ्यानंतरच्या सोमवारी ती एस.टी.ने आली, खांद्यावर बॅग, केसांना भरपूर तेल. मी मनात म्हटलं, ठीक आहे, हिचं काय घेऊन बसायचं. शेठजी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "सीझनमध्ये काम पाहू तुझं. संक्रांतीला पक्की करू." ती "हो जी" म्हणाली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, तो डबा कुठं लावला?" मला ऑफिसात कोणी ताई म्हणत नसे. मला ते अजिबात आवडलं नाही.

तिने डबा पाहिला, शेठजींचा कॉम्प्युटर पाहिला आणि दहा मिनिटांत हसली. त्या डब्याचा स्वतःचाही एक नंबर असतो, आणि तो कारखान्यातूनच एक होऊन येतो. चोर भिंतीवर टांगलेला होता आणि मी पंधरा दिवस टेबलांखाली शोधत होते. मला ते सुचलं नव्हतं, कारण डब्यालाही नंबर असू शकतो हे माझ्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता ही शेठजींना एक नंबर सोडायला कसं सांगते ते पाहू, म्हणून मी दारातच उभी राहिले. खरं सांगायचं तर ती फजीत होईल म्हणूनच राहिले.

"शेठजी," ती म्हणाली, "एक नंबर मालकाचा नसते. फाटकावरच्या माणसाचा असते. बाहेर जाणारं सगळं त्याच्या हातून जाते."

शेठजी पोट धरून हसले. "म्हणजे दो साल से मी चौकीदार होतो काय? अरे बाप्पा! मुनीमजी, ऐकलं काय?" आणि सोडला नंबर. ज्या नंबराला मी दोन वर्षं देवासारखं जपलं, तो त्यांनी एका वाक्यावर सोडला. ते वाक्य मला का सुचलं नाही, हा विचार मी त्या दिवशी घरी भाजी चिरताना, जेवताना, अंथरूण घालताना करत होते.

"मग माझा नंबर कोणता?" शेठजींनी विचारलं होतं.

"तुम्हाले नंबर पाहाचं कामच नाई. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला का तो स्वतःच डब्याले मागते, डबा देते. आज हा, उद्या तो. ऑटोमॅटिक."

मी मध्ये पडले. म्हटलं, "अन् रोज नंबर बदलला तं मालूम कसं पडंन कोण कुठं हाय?"

ती शांतपणे म्हणाली, "ताई, ज्याले दुसरे शोधत येते, त्याचा नंबर पक्का पाह्यजे. फाटकावरच्या वजनकाट्याचा प्रिंटर हाय, त्याले सगळे शोधते, त्याचा आपण पक्का करू. जो स्वतः दुसऱ्याले शोधत जाते, त्याचा कच्चा बी चालते."

बाकीच्यांनी माना हलवल्या. माझ्या मात्र ते वाक्य जिव्हारी लागलं, कारण त्या हिशेबाने मी कच्ची झाले होते. आता मला शोधत कोण येणार होतं?

दोन दिवसांत तिने सगळे कॉम्प्युटर ऑटोमॅटिक केले. माझा मी तिला करू दिला नाही. म्हटलं, "माझं मी करून घेईन." आणि केलंही, दात-ओठ खात. त्याआधी तिने वही मागितली होती. "ताई, नंबरची वही देता काय? म्हणजे माह्या हातून कोणाचा नंबर कोणाले जाणार नाई." मी म्हणाले, "घरी राह्यली." वही माझ्या हाताखालच्या ड्रॉवरमध्ये होती. तिने तीनदा मागितली. तिन्ही वेळा ती घरीच राहिलेली होती. मग तिने मागणं सोडलं आणि वहीवाचून काट्याच्या प्रिंटरला एक पक्का नंबर देऊन टाकला. तो नंबर अकरा होता.

तिला माहीत नव्हतं. माहीत व्हायला मी वही दिली असायला हवी होती. तरी मला मिरच्या झोंबल्या. फाटकावरच्या त्या धुळकट प्रिंटरला माझा नंबर, आणि मी रोज सकाळी डब्यापुढे हात पसरून जो मिळेल तो घेणारी.

पुढचे तीन महिने मी जळत होते, दुसरा शब्द नाही. कोणी माझ्याकडे नंबर विचारायला येईना, कारण कोणाला नंबर लागतच नव्हता. तेलकट वेणी घातलेली ती पोरगी जिथे जाई तिथे लोक खुर्ची सरकवत. मुनीमजी तिला घरच्या चिवड्याची पुडी देत. लॅबवाला मला 'मोठ्या मॅडम' म्हणू लागला, म्हणजे छोट्या मॅडमही झाल्याच. ती वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती रोज सकाळी आल्यावर आधी माझ्या टेबलापाशी येई, पाण्याची बाटली ठेवी आणि विचारी, "ताई, काही अडलं तं नाई?" माझं काही अडत नसे, आणि त्याचाही मला राग येई.

मार्गशीर्षात कापूस जोरात सुरू झाला. सकाळपासून फाटकाबाहेर बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटॅडोर. गाडी भरलेली काट्यावर जाते, वजन होतं, काट्याचा बाबू ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते नोंदवतो आणि प्रिंटरमधून काटापट्टी निघते. काटापट्टी हातात आल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत. एक गाडी अडली की मागची सगळी रांग अडते.

त्या काळात भारनियमन होतं. दुपारी वीज गेली. ऑफिसातले कॉम्प्युटर बॅटरीवर चालत, काट्यालाही बॅटरी होती, फाटकावरचा प्रिंटर मात्र बंद पडे. वीज येईपर्यंत बाबू हाताने पट्ट्या फाडून देई, वीज असताना मात्र छापलेलीच पट्टी चाले, ते ठरलेलंच होतं. त्या वेळात मी माझ्या कॉम्प्युटरमध्ये गेले, ऑटोमॅटिकवरची खूण काढली आणि माझा जुना अकरा टाईप केला. प्रिंटर बंद असल्यामुळे माझ्या कॉम्प्युटरने काही तक्रार केली नाही. मी हे मुद्दाम केलं. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की माझा नंबर मी परत घेते आहे, एवढंच. पण वीज आल्यावर काय होणार ते मला चांगलं कळत होतं. पंधरा दिवस मी तेच भोगलं होतं.

वीज आली. प्रिंटर सुरू झाला आणि पट्टी निघेना. पाठवलेलं सगळं माझ्या कॉम्प्युटरकडे येऊन विरून जात होतं. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात भांडणाचा निरोप आला, तो मी बंद केला. बाबूने आधी प्रिंटरला थापा मारल्या, मग हाक मारली. पोरगी धावत फाटकाकडे गेली, परत ऑफिसात आली, परत गेली. रांग बाहेर हायवेपर्यंत पोचली. गाडीवान ओरडू लागले. आणि त्या रांगेत चौथी का पाचवी बंडी तिच्या बापाची होती. तो उतरून फाटकाशी उभा होता, डोक्याचा दुपट्टा हातात घेऊन. तासाभरापूर्वी तो शेजारच्या गाडीवानाला सांगत होता म्हणे, "आता पट्टी आपोआप निंगते. हे माह्या पोरीनं लावलं."

शेठजी बाहेर आले. ते तसे ओरडणारे नव्हते, पण त्या दिवशी ओरडले. "हाच तुझा ऑटोमॅटिक काय? सीझनमध्ये हे तमाशे?" बाप ऐकत होता. तिने बापाकडे पाहिलं नाही. ती ऑफिसात येऊन माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसली आणि काहीतरी टाईप करू लागली. शेठजी आणि मुनीमजी तिच्या मागे उभे होते.

"शेठजी," ती हळू म्हणाली, "मी प्रिंटरची वायरच काढून ठेवून आली. तरी बी अकरा नंबर उत्तर देऊन राह्यला."

शेठजींना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मला कळलं. ती आता उठेल आणि चार पावलांवर माझ्या पडद्याकडे बोट दाखवेल, मी त्याची वाट पाहत होते. ती उठली नाही. तिने मानही वळवली नाही.

"अनुभव नाई न पोरीले," मुनीमजी म्हणाले. आणि शेठजी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही पाहा एक बार."

तीन महिने मी याच वाक्यासाठी झुरत होते. मी आधी माझा कॉम्प्युटर पुन्हा ऑटोमॅटिक केला, मग उठले, पदर खोचला, फाटकावर गेले, तिने काढलेली वायर लावली, प्रिंटर बंद करून चालू केला. पट्टी निघाली. गाडीवानांनी शिट्ट्या मारल्या. शेठजी मोठ्याने म्हणाले, "देखो, पुराना आदमी पुराना असतो." तिचा बाप मला नमस्कार करून म्हणाला, "बाई, तुम्ही हाय म्हणून निभावलं. पोरीले शिकवजा जरा." मी मान डोलावली. माझ्या अंगावर तेव्हा मूठभर मांस चढलं होतं, हे खोटं कशाला सांगू?

ती दारात उभी होती. म्हणाली, "तुमच्या हातून झालं, बरं झालं ताई." त्या आवाजात मी टोमणा शोधला. सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू करून मी सहज नंबर पाहिला, तर डब्याने मला अकरा दिला होता. तिसऱ्या दिवशीही अकरा. आठवडाभर अकरा. इतरांचे नंबर बदलत होते, माझा नाही. मी काट्यावर चौकशी केली, तर प्रिंटरचा नंबर तिने वीस केलेला. मला वाटलं, घाबरून केला असेल. आणि डबा मला रोज अकराच देतो, याचं मला मोठं नवल वाटे. मी मुनीमजींना गंमतीने म्हटलंसुद्धा, "पाहा, मशीनलेही माणूस समजते."

संक्रांत आली. शेठजींनी तिला तिळगूळ दिला आणि म्हणाले, "अजून एक सीझन पाहू." फाटकावरचा तो दिवस ते विसरले नव्हते. तिने तिळगूळ घेतला, पाया पडली. होळीनंतर तिला नागपूरला नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी तिने चार घड्या केलेला एक कागद माझ्या हातात दिला. डब्याच्या आत जाण्याचा पासवर्ड होता. "हे तुमच्याजवळ ठेवजा ताई. तुमच्याशिवाय इथं कोणाले समजणार नाई." मी तो वहीत ठेवला. ती नागपूरच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीत चांगली जमली असं पुढे कानावर आलं, आणि मी पुन्हा जळले. दूर जाऊनही माझ्या पोटात दुखणं थांबवील तर ती कसली.

वर्षभर तो कागद उघडायची वेळ आली नाही. मग लॅबमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि त्याला काही केल्या नंबर मिळेना. म्हणून एका दुपारी पासवर्ड टाकून मी पहिल्यांदा डब्याच्या आत गेले. पडद्यावर यादी आली. कोणाला आज कुठला नंबर, सगळं ओळीने. त्याच्या खाली आणखी एक छोटा तक्ता होता, राखून ठेवलेल्या नंबरांचा. हा नंबर या यंत्राशिवाय कोणाला द्यायचा नाही, असं तिथे सांगून ठेवता येतं. प्रिंटरचा वीस तिने प्रिंटरमध्येच टाकलेला होता, त्यामुळे त्या तक्त्यात एकच ओळ होती. अकरा. त्याच्यापुढे माझ्या कॉम्प्युटरच्या आतल्या कार्डाचे लांबलचक आकडे, आणि नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांत तिने लिहिलं होतं, ताई.

मला अकरा मिळायला लागला तो दिवस मला पाठ होता. म्हणजे त्या रात्रीच्या आत तिने सगळं शोधलं होतं. अकरा कोण होतं, अकरा कोणाचा होता, आणि का. तिने फक्त शेठजींना बोलवून अकरा माझ्या कॉम्प्युटरवर होता एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. बापाच्या नजरेतून उतरली नसती, संक्रांतीला पक्की झाली असती, आणि मी गेले असते. त्याऐवजी तिने मलाच पक्का नंबर दिला आणि स्वतः कच्ची राहून निघून गेली.

त्या वेळी मला आधी पश्चात्ताप झाला असता तर मी बरी बाई ठरले असते. मला आधी हेवाच वाटला. इतकं हातात असून गप्प बसणं मला उभ्या जन्मात जमलं नसतं, आणि ते त्या बाविशीच्या पोरीला जमलं होतं. लाज नंतर आली, आणि ती मात्र गेली नाही.

मी ती ओळ पुसली. अकरा मोकळा केला. मग माझ्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन ऑटोमॅटिकवरची खूण काढली आणि हाताने एक आकडा टाकला. वही काढली. पहिल्या पानावरची ती कोरी ओळ भरली.

काही दिवसांनी मुनीमजी काहीतरी पाहायला माझ्या टेबलाशी आले. वही उघडी होती. चष्मा नाकावर ओढून त्यांनी पान वाचलं.

"मॅडम, हा दोन नंबर तं खाली होता न? कोणाले देल्ला?"

"मले," मी म्हणाले. "पक्का."